मेट्रन आघाडीवर

वर्तमानपत्रात निवडणुकीचे अंदाज छापून येत, त्यात मेट्रनचं नाव कधीच नसे. मालकांचा, म्हणजे महापौरांचा, एक उंच निळा खांब असे, त्याच्या कमरेला लागेल एवढा विरोधी पक्षाच्या वकिलाचा, आणि अगदी कडेला राखाडी रंगाची एक बुटकी पट्टी. तिच्याखाली लिहिलेलं असे, 'इतर'. त्या पट्टीत मेट्रन असत, एक निवृत्त पैलवान असे, आणि निवडून आल्यास शहरातलं प्रत्येक भटकं कुत्रं दत्तक घेऊ असं सांगणारे एक गृहस्थ असत.

म्हणून त्या सकाळी पक्षाचा ड्रायव्हर सायरन पेपर नाचवत चष्म्याच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "बाई, आपल्याला 'इतर'मधून हाकलून दिलं," तेव्हा मेट्रनना वाटलं, होतो तिथूनही गेलो.

"बघू."

वकिलाचा खांब खचला होता आणि त्याच्या नि मालकांच्या मध्ये एक हिरवा खांब उभा राहिला होता. खाली मेट्रनचं नाव. छापताना एक अक्षर चुकलं होतं, पण नाव होतं.

चष्मेवाल्यांनी, म्हणजे मेट्रनच्या यजमानांनी, गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम तशीच धरून मान वळवली. "छपाईची चूक असेल," ते म्हणाले.

"छपाईची चूक आपल्या बाजूनं कधी झालीय का साहेब?" सायरन म्हणाला.

मेट्रन पूर्वी सरकारी इस्पितळात जळीत विभागाच्या प्रमुख होत्या. तो विभाग बंद करून इमारत मालकांच्या मेव्हण्याला हॉटेलसाठी दिली, तेव्हा त्या तिथल्या पायऱ्यांवर धरणं धरून बसल्या. इमारत गेली, नोकरी गेली, मेट्रन हे नाव तेवढं चिकटून राहिलं. महापौर शहर आपल्या बापाचं असल्यासारखे वागत, म्हणून लोक त्यांना मालक म्हणत. काही कौतुकानं, बरेचसे भीतीनं. त्यांच्याविरुद्ध मेट्रन दर निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि दर वेळी अनामत घालवून बसल्या. पक्षाचं कार्यालय दुकानामागच्या खोलीत होतं. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता. बैठक लांबली की कार्यकारिणीतली माणसं शेवटच्या ओळीची अक्षरं मनातल्या मनात लावत बसत.

सायरन त्याच इस्पितळात अँब्युलन्स चालवायचा. गाडीचा भोंगा बिघडला की खिडकीतून डोकं काढून स्वतःच ओरडायचा, त्यावरून नाव पडलेलं. निवृत्त झाल्यावर पक्षाची खटारा व्हॅन त्यानं आपणहून ताब्यात घेतली. त्याची बायको अजून इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. मेट्रन तिला वहिनी म्हणत, ती मेट्रनना ताई.

हिरवा खांब उगवला तो एका वाक्यामुळे. टीव्हीवर उमेदवारांची चर्चा होती. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या मेट्रनना शेवटी शेवटी सूत्रसंचालकानं हसत विचारलं, "तुम्ही दर वेळी आपटता, तरी उभ्या राहता. कशासाठी?"

"एखादा पेशंट जगणार नाही हे आम्हाला आधीच कळतं," मेट्रन म्हणाल्या. "म्हणून त्याची चादर बदलायचं आम्ही थांबवत नाही."

त्यांना ते उत्तर काही खास वाटलं नव्हतं. घरी येताना त्या पाण्याच्या टाक्यांवर बोलायचं राहून गेलं म्हणून हळहळत होत्या. पण तेवढाच तुकडा लोकांच्या फोनमधून फिरला. त्याच आठवड्यात वकील मालकांच्या बंगल्यावर जेवायला गेल्याचा फोटो बाहेर आला. ज्यांना मालक नको होते त्यांना आता जायला दुसरं दार उरलं नाही.

लोक दुकानासमोर थबकू लागले. आत कुणी यायचं नाही. काचेतून बघायचं, मान हलवायची, पुढे जायचं. मागच्या खोलीत मात्र नवी माणसं आली. त्यांत सर्वेक्षणाच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला एक तरुण होता. सायरननं पहिल्याच दिवशी त्याचं नाव आकडे ठेवलं. आकडे सज्जन होता. बोलताना चष्मा पुसायचा. चष्मेवाल्यांनी त्याचा नंबर तपासून दिला तर त्यानं त्यांचे हात धरून आभार मानले होते.

"मेट्रन," तो म्हणाला, "आपण दुसऱ्या नंबरवर आहोत. आता तुम्ही गोड म्हातारी नाही राहिलात. आता लोक तुमच्याकडे महापौर म्हणून बघणार."

"मी म्हातारी कधी झाले?" मेट्रन म्हणाल्या. खोली हसली. पण त्या दिवसापासून पेपर आला की त्या आधी खांब बघू लागल्या. सायरनच्या ते लक्षात आलं.

मग एकेक गोष्टी सुरू झाल्या. दुकानाची पाटी नियमापेक्षा वीतभर पुढे आलीय, असं सांगत पालिकेचा माणूस आला आणि पाटी उतरवून घेऊन गेला. नेहमीची गिऱ्हाइकं दुरुस्तीला दिलेले चष्मे मुलाबाळांना पाठवून परत नेऊ लागली. वहिनींना घड्या घालायच्या टेबलावरून उचलून उकळत्या हौदांवर टाकलं. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल व्हायला लागले.

"तुम्ही मला सांगायचं नाही का?" मेट्रन म्हणाल्या.

"सांगून काय करणार ताई?" वहिनी म्हणाल्या. "निवडून आलात की बदला."

एका दुपारी मालक स्वतः दुकानात आले. माणसं बाहेर गाडीपाशी ठेवली, एकटे आत आले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले.

"जवळचं दिसत नाही हल्ली," ते चष्मेवाल्यांना म्हणाले. "बघा जरा."

चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं भिंगं काढली. मेट्रन मागच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही मला आवडता," मालक एका डोळ्यावर हात ठेवून म्हणाले. "खोटं नाही सांगत. तुम्ही उभ्या राहायच्या, सभा घ्यायच्या, मला शिव्या द्यायच्या. बाहेरचे पाहुणे आले की मी तुमचं पत्रक दाखवायचो. म्हणायचो, बघा, आमच्याकडे कुणालाही काहीही बोलता येतं."

"मग अजूनही दाखवा."

"आता नाही दाखवता येत. आता माझीच माणसं मला तुमचं पत्रक दाखवतात." त्यांनी हात काढला. "तुम्हाला काय हवंय? जळीत विभाग? देतो. नवा बांधून देतो, तुमच्या हातानं उघडा. फक्त शेवटच्या आठवड्यात तब्येत बिघडवून घ्या. या वयात बिघडते तब्येत."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

मालक उठले. रागावलेले दिसले नाहीत, उलट थकलेले दिसले. "मी तुमच्यावर कधी कुणाला सोडलं नाही," ते म्हणाले. "हे शहर मी एकटा चालवत नाही, ताई. माझ्या जिवावर जगणारी पुष्कळ माणसं आहेत. ती घाबरली की मला विचारत नाहीत." नंबराचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि गेले.

चष्मेवाले बराच वेळ भिंगं पुसत बसले. "अहो, बोला काहीतरी," मेट्रन म्हणाल्या.

"त्यांना खरंच जवळचं दिसत नाही," ते म्हणाले.

शेवटच्या पंधरवड्यात प्रचाराचा धडाका लागला. भाजीमार्केटमध्ये मेट्रन कधी जात नसत. मार्केट ठेकेदाराचं होतं. गाळा कुणाला द्यायचा, ट्रक कुठे लावायचा, मत कुणाला टाकायचं, हे सगळं तोच ठरवी आणि तो मालकांचा माणूस. पण आकडे म्हणाला, तिथून गाडी नुसती नेली तरी पुरे. चॅनेलवाले येतील, मार्केटमध्ये शिरायची हिंमत झाली एवढंच लोकांना दिसायला हवं.

सायरननं नकार दिला. "बाई, गल्ली चिंचोळी आहे. उलटी घ्यायची वेळ आली तर गाडी फिरत नाही. मी तिथून पेशंट काढलेत, मला ठाऊक आहे. वळसा घालून सभेच्या मैदानावर जाऊ."

मेट्रननी आकड्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत राहिला.

"आज मार्केटमधून जाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी थांबवायची नाही, झालं."

सायरननं किल्ली उचलली. एरवी तो काहीतरी खवचट बोलला असता. त्यानं बाहेर उभं राहून बायकोला फोन केला आणि मग गाडीत बसला.

ऊन अजून उतरलं नव्हतं. गाळ्यांवर वजनकाटे चालू होते, ओल्या गोणपाटांचा वास होता. काही बायांनी हात केले. एका म्हाताऱ्यानं मेट्रनच्या हातात एक लिंबू दिलं. त्यांना वाटलं, उगाच घाबरत होतो आपण. गल्लीच्या मध्यावर ठेकेदाराचं वरच्या मजल्यावरचं ऑफिस होतं, बाहेरून लोखंडी जिना. जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेकेदार उभा होता, हातात चहाचा कप. तो मेट्रनकडे बघत होता. मग त्यानं खाली कुणाकडे तरी बघून कप किंचित उचलला.

पुढून एक हातगाडी आडवी आली. सायरननं आरशात पाहिलं. मागेही एक आडवी होती. पाच-सहा पोरं गजांनी काचा फोडू लागली. चॅनेलची गाडी मागच्या हातगाडीपलीकडे अडकली होती.

"खाली बसा बाई," सायरन म्हणाला आणि त्यानं एका हातानं मेट्रनचं डोकं सीटखाली दाबलं. मग दार उघडून दोन्ही हात वर करून तो उतरला. "पोरांनो, म्हातारं माणूस आहे आत," तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडला नाही, अगदी समजावल्यासारखं म्हणाला. एक गज त्याच्या कानशिलावर बसला.

पोरं पळाली. मेट्रन उतरल्या, रस्त्यावर बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओढणीनं जखम दाबली. मग त्यांनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. एक बाहुली टाचणीएवढी होती, दुसरी पसरलेली. त्यांनी तशा बाहुल्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या दाबत राहिल्या. गाळ्यांच्या आडून कुणीतरी फोन धरून त्यांचं चित्रण करत होतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात पोलीस अधिकारी आला. "मेट्रन, कुणाला ओळखलंत का?" त्यानं विचारलं, पण कागद उघडला नाही. आकडे मध्ये पडला. "आपला वकील येऊ दे. आत्ता घाईत काही बोलू नका." अधिकारीही लगेच म्हणाला, "तसं काही घाई नाही. सावकाश सांगा." मेट्रनना त्या क्षणी काचेपलीकडचं मशीन तेवढं दिसत होतं. "नंतर सांगते," त्या म्हणाल्या.

वहिनी धुलाईतून तशाच आल्या, ओल्या बाह्यांनी. मेट्रननी त्यांना बाजूला घेतलं आणि पेशंटच्या नातेवाइकांना सांगत तसं खरं सांगितलं.

"म्हणजे नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"त्यांनी फोन केला होता निघताना. म्हणाले, बाई आज माझं ऐकत नाहीत." वहिनींनी ते रागानं म्हटलं नाही. नवऱ्याचं शेवटचं बोलणं काय होतं ते सांगत होत्या, एवढंच.

सायरन तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. वहिनींची अट एकच होती: झेंडा नको, भाषण नको. मेट्रन स्वतः वहिनींच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या हातातला झेंडा काढून घेऊन भिंतीला टेकवून ठेवत गेल्या. तरी माणसं येतच राहिली. शहरातले सगळे अँब्युलन्सवाले गाड्या घेऊन आले, भोंगे बंद ठेवून शववाहिकेमागून सावकाश चालले. कुणी घोषणा दिली नाही. मेट्रन वहिनींच्या मागून, बायकांच्या घोळक्यातून चालल्या.

दोन दिवसांनी आकडे मागच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता आणि तो पुढे करत नव्हता.

"सांगा," मेट्रन म्हणाल्या.

"आपण पुढे आहोत. मालकांच्या पुढे." त्यानं खाली बघितलं. "तो रस्त्यावरचा व्हिडिओ... आणि परवाची ती शांत अंत्ययात्रा. लोकांना तीही फार भावली."

त्या दुपारच्या पेपरात मोठ्या अक्षरात मथळा होता, 'मेट्रन आघाडीवर'. या वेळी नाव बरोबर छापलं होतं. खोलीत पेढा वाटावा की नाही यावर दोघांची कुजबुज चालली होती. चष्मेवाल्यांनी ती ऐकली, आत येऊन दिवा बंद केला आणि म्हणाले, "आता सगळे घरी जा."

आघाडी मिळाली तशी मालकांकडची माणसं गळायला लागली. आधी दोन नगरसेवक आले, मग इस्पितळाचे अधीक्षक येऊन वहिनींची बदली परत घड्यांवर केल्याचं आपणहून सांगून गेले. आणि एके दिवशी निरोप आला की ठेकेदाराला भेटायचंय.

कार्यकारिणी बसली. सायरनची कोपऱ्यातली खुर्ची तशीच होती, तिच्यावर कुणीतरी पत्रकांचा गठ्ठा ठेवला होता.

"आघाडी अगदी थोडी आहे," आकडे म्हणाला. "मार्केट त्यांच्याकडे गेलं तर आपण हरतो. आपल्याकडे आलं तर जिंकतो. मधलं काही नाही."

"तो तिथे उभा होता," मेट्रन म्हणाल्या. "जिन्यावर. मी पाहिलंय."

मग सगळ्यात जुना सभासद, पहिल्या निवडणुकीपासून मेट्रनबरोबर पत्रकं वाटणारा शाळेचा शिपाई, हळूच म्हणाला, "बाई, उभा तर सगळा बाजार होता." थोड्या वेळानं तो पुढे म्हणाला, "इतकी वर्षं आपण हरलो. आता एकदा जिंकू. जिंकल्यावर त्याला धरू."

हे ऐकायला बरं वाटलं. मेट्रनना नंतर आठवलं ते हेच, की त्यांना ते ऐकून हायसं वाटलं होतं.

ठेकेदार आला तो पांढरेशुभ्र कपडे घालून. दुकानाच्या दारातच छायाचित्रकार उभे होते. त्यांना कुणी बोलावलं ते कळलं नाही. आत शिरण्याआधी मेट्रननी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी पोरं कुणाची होती?"

"पोरं बाजारातलीच," ठेकेदार तितक्याच हळू म्हणाला. "बाजार ज्याचा, पोरं त्याची. आता बाजार तुमचा." आणि त्यानं हात पुढे केला.

तो हात तसाच हवेत राहिला असता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. कॅमेरे लखलखत होते. मेट्रननी हात दिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं, समोर कुणी हसलं की हसायचं, तशा त्या हसल्याही.

संध्याकाळी त्या वहिनींकडे गेल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, एवढंच डोक्यात होतं. पण वहिनींच्या फोनवर तो फोटो आधीच आला होता. खोलीत सायरनचे शर्ट धुऊन, इस्त्री करून, कुणाला तरी द्यायला बांधून ठेवले होते.

"बसा ताई," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पाणी दिलं.

"जिंकल्यावर त्याला सोडणार नाही," मेट्रन म्हणाल्या. "तुम्हाला शब्द देते."

"मला कशाला शब्द देता? मी मागितला नाही." वहिनी समोर बसल्या. "यांना मारायच्या आधीही तो तिथेच होता, नंतरही तिथेच आहे. फक्त तुम्ही उठून त्याच्याकडे गेलात. तुम्ही जिंकलात तर यांचं जाणं अगदीच फुकट नाही गेलं, असं मी मनाला सांगत होते. रोज सांगत होते. आता त्याच्या हातानं जिंकलात तर काय सांगू, ते तुम्हीच सांगा. मला सुचत नाही."

मेट्रननी पाणी तसंच ठेवलं. उठताना त्या वहिनींच्या हाताला हात लावायला गेल्या, तर वहिनींनी हात मागे घेतला. मुद्दाम नाही, भाजलेलं अजून दुखत होतं म्हणून. निदान मेट्रननी स्वतःला तसं समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चष्मेवाल्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. आकड्याला, कार्यकारिणीला, कुणालाच सांगितलं नाही. तोच अधिकारी होता. मेट्रननी जिना, कप, उचललेला हात, सगळं सांगितलं आणि ठेकेदाराचं नाव घेतलं.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "मेट्रन, कालच तर तुमचा फोटो..."

"हो. लिहा."

"मतदान तोंडावर आलंय."

"मला माहीत आहे कधी आहे मतदान. लिहा."

दुपारपर्यंत बातमी पसरली. ठेकेदाराला चौकशीला नेलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. लोकांनी मात्र ज्याला जे वाटलं ते म्हटलं. कुणी म्हटलं, बाईंची हिंमत मोठी. बरेच जण म्हणाले, सौदा फिसकटला असेल, म्हणून नाव घेतलं. रस्त्यावरच्या चित्रणानं ज्यांचे डोळे भरले होते, त्यांनाच आता तेही नाटक वाटायला लागलं.

आकडे रात्रीपर्यंत थांबला नाही. त्यानं आपलं सामान पिशवीत भरलं. "मी तुम्हाला दोष देत नाही," तो मेट्रनना म्हणाला. "पण मला विचारलं असतंत तर म्हटलं असतं, मतदान होऊ द्या, मग जा."

"म्हणूनच विचारलं नाही," मेट्रन म्हणाल्या.

तो दारात घुटमळला. "मार्केटमधून जायचं माझ्याच डोक्यातून निघालं होतं," तो म्हणाला. "तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत."

"हो म्हणणारी मी होते. जा आता, बस चुकेल."

मार्केट एका रात्रीत मालकांकडे परतलं. मेट्रन हरल्या. फार नाही, एका मोठ्या वस्तीएवढ्या मतांनी. निकालाच्या दिवशी चष्मेवाले मतमोजणीच्या जागेवरून चालत घरी आले आणि म्हणाले, "या वेळी अनामत परत मिळणार." मेट्रननी मान हलवली. दोघं जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. ठेकेदाराचं वकीलपत्र घेतलं होतं त्याच वकिलानं, जो कधीकाळी मालकांच्या विरोधात उभा होता. मेट्रन साक्षीला उभ्या राहिल्या. जिना, कप, हात, त्यांनी सगळं पहिल्यांदा सांगितलं तसंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

वकिलानं त्यांना कुठे अडवलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं एक फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला आणि मग मेट्रनच्या हातात दिला.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"आणि हे माझे अशील. तुमचा ड्रायव्हर गेल्यानंतरचा फोटो आहे. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या डोळ्यांसमोर ज्यानं खूण करून माणूस मारवला, असं तुम्ही आज सांगता, त्याच्याशी तुम्ही हात मिळवताय. हसताय. त्या दिवशी तुम्ही खोटं हसलात, की आज खोटं बोलताय?"

मेट्रननी फोटोकडे पाहिलं. "त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गरज पडली तर तुम्हाला खोटं वागता येतं."

सरकारी वकिलानं हरकत घेतली. पण जे व्हायचं ते झालं होतं. मागच्या बाकावर वहिनी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. गज मारणारी दोन पोरं दोषी ठरली. त्यांतलं एक आईला हाक मारत रडत होतं. ठेकेदार सुटला.

बाहेर बसथांब्यावर दोघी उभ्या राहिल्या. चष्मेवाले दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून आले नव्हते.

"मी हात दिला नसता तर तो अडकला असता," मेट्रन म्हणाल्या.

वहिनींनी विचार केला. "काय माहीत," त्या म्हणाल्या. "त्या वकिलानं दुसरं काहीतरी शोधलं असतं. असल्या माणसांना सापडतं काहीतरी." मग त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पण मग मला तुमच्याकडे येऊन रडता आलं असतं. या वर्षात मला रडायला कुणी नव्हतं, ताई."



बस आली. दुसरी नव्हती, म्हणून दोघी त्याच बसमध्ये चढल्या. वहिनींना पुढे जागा मिळाली. मेट्रन मागे उभ्या राहिल्या; कुणीतरी ओळखलं आणि उठून त्यांना जागा द्यायला लागलं, तर त्यांनी खांद्याला हात लावून त्याला परत बसवलं. इस्पितळाच्या थांब्यावर वहिनी उतरल्या. त्यांची दुपारची पाळी होती. धुलाई विभागाच्या फाटकापाशी त्यांनी पिशवीतून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि आत गेल्या.